घराण्याची लेक आणि लोकांचे मत

(परभणी येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



सुरुवात एका आकड्यापासून करू. १९६२ साली जयपूर लोकसभा मतदारसंघात २,४६,५१६ मते पडली. त्यांतली १,९२,९०९ मते एकाच उमेदवाराला मिळाली. म्हणजे शंभरातली अठ्ठ्याहत्तर! या विजयाची नोंद गिनेस बुकात झाली. हा उमेदवार देशावर राज्य करणाऱ्या काँग्रेसचा नव्हता. १९५९ साली स्थापन झालेल्या, अजून नीट पाळेमुळेही न धरलेल्या स्वतंत्र पक्षाचा होता. आणि तो पुरुष नव्हता. बेचाळीस वर्षांच्या महाराणी गायत्रीदेवी पहिल्यांदाच निवडणुकीला उभ्या होत्या.

तोपर्यंत जगाला त्या कशासाठी माहीत होत्या? पोलोच्या मैदानासाठी, शिफॉनच्या साड्या आणि मोत्यांसाठी, लंडन-पॅरिसच्या मेजवान्यांसाठी. सेसिल बीटनसारख्या नामांकित छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रे काढली होती. ‘व्होग’ मासिकाने त्यांची गणना जगातल्या सुंदर स्त्रियांमध्ये केली होती. अशा बाईला जयपूरच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या माणसांनी एवढी मते का दिली असतील?

याची दोन उत्तरे आजवर दिली गेली. एक, लोक रूपाला भुलले. दोन, लोकांनी राजाच्या राणीला मत दिले. ही दोन्ही उत्तरे नीट ऐका. पहिल्यात श्रेय चेहऱ्याला जाते, दुसऱ्यात नवऱ्याला. त्या बाईच्या वाट्याला काय उरते? काहीच उरत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हा आहे. मोठ्या घरातली स्त्री राजकारणात येते तेव्हा तिच्या कामाचा हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा?

हा प्रश्न परभणीत का विचारायचा? त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की गायत्रीदेवींचे आजोळ मराठी आहे. त्यांची आई बडोद्याच्या गायकवाडांची लेक. दुसरे कारण आपल्या उंबरठ्यावरचे आहे. त्याकडे शेवटी येऊ. म्हणून व्याख्यानाचे तीन भाग करू. त्या ज्या घरांतून आल्या ती घरे, हा पहिला भाग. राजकारणात त्यांनी काय केले, हा दुसरा. आणि त्यांच्यामागून आलेल्यांचे व आपल्या जिल्ह्याचे काय, हा तिसरा.

आधी घरे पाहू.

नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे गाव आहे. तिथे शेती करणाऱ्या गायकवाडांच्या एका शाखेत १८६३ साली गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना बडोद्याच्या गादीवरून दूर केले आणि आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी हा मुलगा दत्तक घेतला. तेच पुढे महाराजा सयाजीराव झाले. गायत्रीदेवी जन्मल्या लंडनला, पण त्यांच्या आईचे वडील कवळाण्याच्या शिवारात वाढलेले होते. घराण्याची मुळे खणत गेले की खाली कुठे तरी माती लागतेच.

सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या राज्याला लागू केला, मुलग्यांना तसाच मुलींनाही. त्यांच्या दुसऱ्या पत्नी चिमणाबाई या देवासच्या घाटगे घराण्यातल्या. माहेरचे नाव गजराबाई. त्यांचे शिक्षण लग्नानंतर झाले. पुढे त्यांनी पडदा सोडला. १९११ साली त्यांचे स्त्रियांच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. १९२७ च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्ष चिमणाबाईच होत्या. आज ज्याला आपण स्त्रीशिक्षणाची चळवळ म्हणतो, तिच्या देशपातळीवरच्या पहिल्या व्यासपीठावर एक मराठी राणी बसली होती.

पण थांबा. गोष्ट इतकी सरळ नाही. याच चिमणाबाईंनी आणि याच सयाजीरावांनी आपल्या लेकीचे, इंदिराराजेंचे, लग्न कुठे ठरवले? ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. शिंदे मातब्बर होते, मराठा संस्थानांत त्यांचा मान मोठा होता. पण माधवराव इंदिराराजेंपेक्षा सोळा वर्षांनी मोठे होते, त्यांचे एक लग्न झालेले होते आणि ग्वाल्हेरच्या महालात पडदा कडक होता. बाहेरच्या मुलींसाठी शाळा काढणारे घर स्वतःच्या मुलीच्या बाबतीत जुन्या वाटेने गेले. असे आपल्याकडे घडत नाही का? सभेत एक आणि घरात एक, हे काय फक्त राजवाड्यातच चालते?

१९११ च्या डिसेंबरात दिल्लीला पंचम जॉर्ज बादशहाचा दरबार भरला. बादशहाला मुजरा करून परतताना सयाजीरावांनी पाठ फिरवली म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रांनी गहजब केला. साऱ्या हिंदुस्थानात त्याचीच चर्चा होती. त्याच दरबाराच्या दिवसांत एकोणीस वर्षांच्या इंदिराराजेंची कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र यांच्याशी ओळख झाली. बडोद्याला परतल्यावर त्यांनी स्वतः माधवरावांना पत्र लिहून ठरलेले लग्न मोडले. आई-वडिलांना ते कळले ग्वाल्हेरहून आलेल्या तारेने. लग्नाची तयारी अर्ध्यावर आली असताना एका मराठा राजकन्येने आपल्या हाताने नकार लिहिला! त्या काळात ही किती मोठी गोष्ट होती, याचा विचार करा.

दोन वर्षे घरात ओढाताण चालली. अखेर १९१३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या एका हॉटेलात ब्राह्म पद्धतीने त्यांचे लग्न लागले. आई-वडील आले नाहीत. त्याच १९१३ सालच्या जुलैमध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले होते. एकच राजा परक्या घरच्या मुलासाठी काळाच्या पुढे होता आणि स्वतःच्या मुलीसाठी काळाच्या मागे. ही विसंगती दडपून ठेवण्याचे कारण नाही. मोठ्या माणसांकडून शिकायचे तर दोन्ही बाजूंनी शिकावे.

इंदिराराजे ज्या घरात गेल्या तेही साधे नव्हते. सासूबाई सुनीतीदेवी म्हणजे ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांची कन्या. १८७८ साली सुनीतीदेवींचे लग्न लहान वयात लावले म्हणून ब्राह्मसमाज फुटला होता. म्हणजे एका घरात लेकीच्या लग्नावरून समाज दुभंगलेला, दुसऱ्या घरात लेकीच्या लग्नावरून माहेर दुरावलेले. या दोन घरांच्या संगमावर गायत्रीदेवी जन्मल्या, २३ मे १९१९ रोजी.

लग्नानंतर काही आठवड्यांतच थोरले बंधू वारल्यामुळे जितेंद्र गादीवर आले आणि १९२२ साली तेही गेले. तिसाव्या वर्षी वैधव्य, पदरी पाच मुले. इंदिराराजेंनी काय केले? मुलगा सज्ञान होऊन १९३६ साली कारभार हाती घेईपर्यंत त्यांनी राजप्रतिनिधी म्हणून कूचबिहार चालवले. त्याच काळात त्या लंडनच्या मेजवान्यांत, इंग्रज उमरावांच्या शिकारीत आणि पॅरिसच्या दुकानांतही वावरत होत्या. फ्रेंच शिफॉनच्या साडीची फॅशन हिंदुस्थानात आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. विधवेने पांढरे नेसून कोपरा धरावा अशी ज्या काळाची अपेक्षा होती, त्या काळात त्यांनी हे केले. त्यांना कुणी उधळी म्हटले, कुणी धाडसी म्हटले. राज्य चालवणारी म्हणून किती जणांनी ओळखले?

आजी, आई आणि नात, अशी ही तीन पिढ्यांची शिदोरी. आजीकडून सभेत उभे राहणे आले, आईकडून नकार देण्याची हिंमत आली. पण शिदोरी असली तरी चालावे लागते स्वतःच्याच पायांनी. आता दुसऱ्या भागाकडे येऊ.

१९४० साली गायत्रीदेवींचे लग्न जयपूरचे महाराज सवाई मानसिंह यांच्याशी झाले. त्या त्यांच्या तिसऱ्या पत्नी. आईने ज्या कारणांसाठी ग्वाल्हेर नाकारले, त्याच कारणांच्या घरात लेक स्वतःच्या मर्जीने गेली. जयपूरच्या जनान्यात तेव्हाही पडदा होता. तिथे गेल्यावर १९४३ साली त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. ती आजही महाराणी गायत्रीदेवी शाळा म्हणून चालू आहे. सरदार-जहागीरदारांच्या घरांतल्या मुली पडद्यातून आधी शाळेत आल्या, मग बाहेरच्या जगात. राजकारणात पाऊल टाकण्याच्या अठरा वर्षे आधीचे हे काम आहे, हे लक्षात ठेवावे.

१९४९ मध्ये जयपूर राजस्थानात विलीन झाले. महाराज १९५६ पर्यंत राजप्रमुख होते, नंतर तेही पद संपले. मग १९५९ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. काँग्रेसने नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव केला होता. त्याला विरोध, परवाना-परमिटच्या राज्याला विरोध, सरकारचा हात आखडता असावा हा आग्रह, अशी त्या पक्षाची भूमिका होती. १९६१ साली गायत्रीदेवी त्यात दाखल झाल्या.

प्रचार कसा झाला? त्यांची हिंदी कच्ची होती. बोलायची सवय इंग्रजीची आणि बंगालीची. तरी जीपमधून धुळीच्या रस्त्यांनी त्या गावोगाव गेल्या. घुंघटातल्या बायका त्यांच्या सभांना आल्या. राणीला पाहायला आल्या, हे खरेच. पण पाहायला येणे वेगळे आणि शिक्का मारणे वेगळे. स्वातंत्र्यापासून एकाच पक्षाचे राज्य पाहिलेल्या त्या खेड्यांना पहिल्यांदा दुसरा पर्याय दारात उभा दिसला होता. त्या निवडणुकीत राजस्थान विधानसभेत स्वतंत्र पक्षाचे ३६ आमदार निवडून आले आणि पक्ष तिथला प्रमुख विरोधी पक्ष झाला. केवळ एका चेहऱ्यावर ३६ मतदारसंघ जिंकता येतात का?

लोकसभेत त्या शोभेची बाहुली होऊन बसल्या नाहीत. चीनच्या आक्रमणानंतरच्या चर्चेत त्यांनी खुद्द पंतप्रधान नेहरूंना तोंडावर सुनावले. नेहरू म्हणजे घराण्याचे परिचित, शिवाय देशाचे दैवत. तरी सुनावले. १९६५ साली सरकारने मानसिंहांना स्पेनमध्ये राजदूत म्हणून पाठवले. नवरा सरकारचा राजदूत आणि बायको सरकारच्या विरोधात, ही स्थिती कोणालाही अवघड वाटली असती. पक्ष बदलून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी पक्ष बदलला नाही. त्यांचे मत नवऱ्याच्या पदाला बांधलेले नव्हते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आणि आता मालपुरा. १९६७ साली गायत्रीदेवी दोन ठिकाणी उभ्या राहिल्या. लोकसभेला जयपूरमधून जिंकल्या. विधानसभेला मालपुऱ्यातून काँग्रेसचे दामोदर व्यास यांच्याकडून हरल्या. तीच राणी, तेच रूप, तेच घराणे, तेच वर्ष. मग मालपुऱ्याच्या मतदाराला काय झाले? काही झाले नाही. तो मतदार होता, प्रजा नव्हता. जे लोक म्हणतात की अडाणी जनतेने मुकुटाला मत दिले, त्यांनी मालपुऱ्याचा निकाल डोळ्यांसमोर ठेवावा. आपल्या खेड्यातला माणूस हात जोडून नमस्कार कोणालाही करतो, पण शिक्का कुठे मारायचा ते त्याचे तो ठरवतो.

त्याच १९६७ मध्ये राजस्थानात काँग्रेसचे बहुमत हुकले. स्वतंत्र, जनसंघ आणि इतरांनी मिळून सरकार बनवण्याचा दावा केला. राज्यपाल संपूर्णानंद यांनी मात्र काँग्रेसच्या मोहनलाल सुखाडियांना बोलावले. जयपुरात जमाव रस्त्यावर आला, संचारबंदी लागली, गोळीबारात माणसे मेली, राष्ट्रपती राजवट आली. एप्रिलमध्ये सुखाडियांचे सरकार आले. सत्तेच्या उंबरठ्यावरून विरोधी आघाडी परतली. १९७१ साली इंदिरा गांधींच्या लाटेत स्वतंत्र पक्षाचे देशभरात फक्त आठ खासदार राहिले. त्या आठांत जयपूरच्या गायत्रीदेवी होत्या.

इथे मात्र दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाही तर हे व्याख्यान गौरवगीत होईल. संस्थानिकांना मिळणाऱ्या तनख्यांचा प्रश्न त्याच वर्षांतला. जयपूरचा तनखा वर्षाला १८ लाख रुपये होता. आपल्या निजामाचा तर त्याहूनही मोठा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. या सभागृहातल्या कित्येकांच्या आजी-आजोबांनी तो अंमल सोसला आहे. ज्या शेतकऱ्याने जहागिरीचा जाच पाहिला, त्याला स्वतंत्र भारताच्या तिजोरीतून राजांना पैसे जाणे कसे पटावे? इंदिरा गांधींनी तनखे रद्द करण्याचे विधेयक आणले. १९७० साली राज्यसभेत ते एका मताहूनही कमी फरकाने पडले. मग राष्ट्रपतींचा आदेश निघाला, तो सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तो खटला ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या नावाने ओळखला जातो. हे दुसरे माधवराव, पहिल्यांचे नातू. शेवटी १९७१ साली सव्विसावी घटनादुरुस्ती होऊन तनखे संपले. संस्थानिकांचे म्हणणे होते की सरकारने दिलेला शब्द मोडला. त्यात तथ्य आहे. पण लोकांच्या समतेच्या आग्रहात त्याहून मोठे तथ्य होते. गायत्रीदेवी या वादात आपल्या वर्गाच्या बाजूला उभ्या राहिल्या. हा हिशेबही त्यांच्याच नावावर मांडायला हवा, घराण्याच्या नावावर ढकलून चालणार नाही.

मग आणीबाणी आली. १९७५ च्या जुलैअखेर गायत्रीदेवींना दिल्लीत अटक झाली. सोबत सावत्र मुलगा कर्नल भवानीसिंह. १९७१ च्या युद्धातल्या पराक्रमासाठी महावीरचक्र मिळालेला हा सैनिक. दोघांवर परकीय चलन आणि तस्करीविरोधी कायदा लावला गेला आणि रवानगी तिहारला झाली. सुमारे साडेपाच महिने त्या तिथे होत्या. जानेवारी १९७६ मध्ये सुटल्या.

अटकेनंतर काही आठवड्यांनी तिहारच्या स्त्रियांच्या विभागात आणखी एक महाराणी आल्या. ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे. आता नाती जुळवून पाहा. ज्या माधवरावांना इंदिराराजेंनी १९११ नंतर पत्राने नकार दिला, त्यांच्याच मुलाच्या, जिवाजीरावांच्या, पत्नी म्हणजे विजयाराजे. तो नकार गेला नसता तर गायत्रीदेवींच्या आई ग्वाल्हेरच्या राणी झाल्या असत्या. त्या नकाराला साठ वर्षे होऊन गेली, आणि नाकारणारीची लेक व नाकारलेल्याची सून एकाच तुरुंगात शेजारी राहिल्या. तिथे माहेर-सासरची प्रतिष्ठा कोणाच्या कामाची? दोघी तिथे होत्या त्या आपापल्या राजकारणामुळे.

विजयाराजेंचा प्रवासही असाच. सागरला जन्मलेल्या, लग्नाने शिंद्यांच्या घरात आलेल्या. १९५७ साली काँग्रेसतर्फे गुण्याहून खासदार झाल्या. १९६७ साली काँग्रेस सोडली आणि त्याच वर्षी मध्य प्रदेशातले द्वारकाप्रसाद मिश्रांचे सरकार पाडण्यात पुढाकार घेतला. १९८० मध्ये रायबरेलीला इंदिरा गांधींच्या विरोधात उभ्या राहून हरल्या. पटो न पटो, हे सगळे निर्णय त्यांचे होते. पोटचा मुलगा माधवराव काँग्रेसमध्ये गेला तरी त्यांनी आपली वाट सोडली नाही.

पण आणीबाणीच्या तुरुंगात फक्त महाराण्या होत्या का? आपल्या महाराष्ट्रातल्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनीही तुरुंगवास भोगला. मृणालताई आणि अहिल्याताई यांनी महागाईविरुद्ध बायकांच्या हाती लाटणी देऊन मोर्चे काढले होते. १९७७ मध्ये या दोघी मुंबईतून लोकसभेत गेल्या, १९८० मध्ये प्रमिलाताई गेल्या. त्यांच्याकडे राजवाडा नव्हता. पण नीट पाहा, घर त्यांच्याही मागे होते. मृणालताईंचे पती केशव गोरे समाजवादी कार्यकर्ते. अहिल्याताई कम्युनिस्ट नेते बी. टी. रणदिवे यांच्या भगिनी. प्रमिलाताई मधु दंडवत्यांच्या पत्नी. म्हणजे दार उघडणारे कोणी तरी त्यांच्याही घरात होते. कुणाच्या घरात सिंहासन, कुणाच्या घरात चळवळ. मग ‘अमक्याची बायको म्हणून आली’ हे वाक्य आपण एकीला लावतो आणि दुसरीला का लावत नाही? कारण दुसरीचे काम आपण पाहिलेले असते. हाच न्याय सगळ्यांना लावू या. तिचे काम पाहू आणि मग बोलू.

आता तिसरा भाग. मागून कोण आले?

तुरुंगातून सुटल्यावर गायत्रीदेवी निवडणुकीच्या राजकारणातून दूर झाल्या. २९ जुलै २००९ रोजी जयपूरला त्यांचे निधन झाले. त्यांच्या थोरल्या बहिणीचे, इला देवींचे, लग्न त्रिपुराच्या राजघराण्यात झाले होते. इला देवींच्या सूनबाई म्हणजे अभिनेत्री मुनमुन सेन, सुचित्रा सेन यांची कन्या. त्या २०१४ साली तृणमूल काँग्रेसतर्फे बांकुड्यातून लोकसभेवर गेल्या. जयपूरच्या भवानीसिंहांची कन्या दिया कुमारी २०१३ साली भाजपतर्फे सवाई माधोपूरच्या आमदार झाल्या, २०१९ साली राजसमंदच्या खासदार, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राजस्थानच्या उपमुख्यमंत्री. विजयाराजेंची कन्या वसुंधराराजे त्याच राजस्थानच्या दोनदा मुख्यमंत्री झाल्या. एकाच नातेसंबंधाच्या जाळ्यातून स्वतंत्र पक्ष, जनसंघ, काँग्रेस, भाजप, तृणमूल अशा पक्षांत माणसे गेली. घराणे एक आणि विचार पाच! मग घराणे माहीत झाल्याने त्या स्त्रीचे राजकारण कळते, असे कसे म्हणायचे?

राजस्थान दूर आहे म्हणाल, तर घराजवळ पाहू. जिंतूरच्या आमदार मेघना बोर्डीकर २०१९ साली पहिल्यांदा निवडून आल्या. वडील रामप्रसाद बोर्डीकर तिथलेच माजी आमदार. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा होईपर्यंत कळमनुरी आपल्याच परभणी जिल्ह्यात होते. तिथल्या रजनीताई सातव आमदार आणि मंत्री झाल्या. पुत्र राजीव सातव खासदार झाले आणि त्यांच्या अकाली निधनानंतर २०२१ मध्ये पत्नी प्रज्ञा सातव विधान परिषदेवर गेल्या. यात दोष काढण्याचा किंवा आरती ओवाळण्याचा हेतू नाही. सांगायचे एवढेच, की माहेर आणि सासर यांच्यामधून जाणारी राजकारणाची वाट जयपूरला जशी आहे तशीच पूर्णा-दुधनेच्या काठीही आहे.

आणि याच मातीत गंगाखेडची जनाबाई होऊन गेली. नामदेवांच्या घरी राबणारी, मागे ना घराणे ना नाव. सात शतके तिचा शब्द टिकला. पण जनाबाईला कोणी मोठी सभा दिली नव्हती, ती तिने आपल्या शब्दाने मिळवली. आजच्या बाईने सात शतके वाट पाहावी असे आपण म्हणू शकत नाही. म्हणून तर कायदा आला.

१९९३ पासून घटनेने पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. आज जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत निम्म्या खुर्च्या कायद्याने स्त्रियांच्या आहेत. खुर्चीवर कोण बसते? तुम्ही सगळे जाणता. सही तिची आणि कारभार मालकाचा. बैठकीला तिच्याऐवजी तो येतो, आणि त्याला पुन्हा ‘सरपंच’ म्हणूनच हाक मारली जाते. अधिकारीही त्याच्याशीच बोलतात. फोन त्याचा, शिक्का त्याच्या खिशात.

आता हे आणि जयपूर जोडून पाहा. एका बाजूला काम करणाऱ्या बाईला आपण म्हणतो, ही तर नवऱ्याच्या नावावर निवडून आली. दुसऱ्या बाजूला निवडून आलेल्या बाईला आपण कामच करू देत नाही, ते नवऱ्याच्या हाती देतो. दोन्ही ठिकाणी पुसली जाते ती बाईच. पहिल्यात तिचे श्रेय जाते, दुसऱ्यात तिचा अधिकार. आणि दोन्ही ठिकाणी ती चुकली तर जाब विचारायलाही कोणी सापडत नाही.

यावर उपाय अवघड नाही. हिशेब तिला विचारा. चांगले झाले तर तिचे, वाईट झाले तर तिचे. गायत्रीदेवींची शाळा त्यांची, जयपूरचा विजय त्यांचा, मालपुऱ्याचा पराभवही त्यांचा आणि तनख्यांच्या बाजूने उभे राहणेही त्यांचेच. असा हिशेब मांडला की बाई पूर्ण दिसते. नाही तर उरतात फक्त छायाचित्रे आणि वंशावळ.

शेवटी एक अगदी व्यवहाराची गोष्ट. आपल्या राज्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती आपल्या गावात भरते की नुसती वहीत भरते, हे विचारा. तिची तारीख माहीत करून घ्या. पाण्याचा प्रश्न असो, रोजगार हमीचे काम असो, शाळेच्या खोलीचे असो, तिथे मांडा आणि कार्यवृत्तात लिहून घ्या. सरपंच बाई असेल तर उत्तर तिच्याकडूनच मागा, शेजारी बसलेल्याकडून नको. पहिल्यांदा ती अडखळेल. जयपूरच्या महाराणीचीही हिंदी पहिल्या सभांत अडखळत होती.

संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. या सभागृहात सरपंच आहेत, पंचायत समितीच्या सदस्या आहेत, बचत गटांच्या अध्यक्ष आहेत. एक विनंती आहे: ध्वनिक्षेपक आधी त्यांच्याकडे जाऊ द्या. त्यांचे प्रश्न संपले की मग बाकीच्यांनी विचारावे.